घारापुरीची सहल: लाँच ठीक, गाइड बेताचे, शिल्पं पैसे वसूल करणारी

घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटाच्या, एक नंबरच्या लेण्यात शिरलं की बरेच गाइड पाहुण्यांना तडक समोरच्या तीन तोंडांच्या मूर्तीपुढे उभं करतात, "हे ब्रह्मा, हे विष्णू, हे महेश" म्हणतात आणि फोटोसाठी बाजूला होतात. ही ओळख चुकीची आहे. चूक असल्याचा पुरावाही त्याच भिंतीवर, शेजारच्या पटात कोरलेला आहे, पण तिथे थांबायला कुणाला वेळ नसतो. त्यामुळे जागेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत आणि तिथे मिळणाऱ्या माहितीला जेमतेम पास करावं, असा हा मामला आहे.

जाण्यायेण्याचं आधी उरकून घेऊ. गेटवे ऑफ इंडियावरून सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुरू होतात, समुद्रात तासभर जातो. सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी गर्दी इतकी असते की शिल्पापुढे दोन मिनिटं स्वस्थ उभं राहता येत नाही, तेव्हा मंगळवार ते शुक्रवारातला दिवस धरावा. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत मिनी ट्रेन आहे, पण चालत गेलं तरी फार नाही. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखत असतील त्यांना डोली मिळते, मात्र भाव बसण्याआधी ठरवावा. तिकीट भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना माफ. खाऊची पिशवी आणि थंड पेयाची बाटली हातात उघडी धरली की माकडं ती नेणारच. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, शिवाय लेण्यात पाणी झिरपून काळोखी वाढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा.

गाइड घ्यायचा की नाही? घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "अर्धनारीश्वराच्या पटात ब्रह्मा कुठे आहे?" उत्तर देता आलं तर बेलाशक घ्या. "तो तर त्रिमूर्तीत आहे" असं म्हणाला, तर ते पैसे वाचवून एक चांगला टॉर्च घ्या.

टॉर्चचं खरंच काम पडतं. लेणं उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे उजेड मऊ आणि पसरलेला येतो. डोळ्यांना तो सुखावतो, पण उथळ कोरीवकाम त्यात बुडून जातं. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला की उरलीसुरली सावलीही जाते आणि फोटोत नुसता करडा दगड येतो. टॉर्च शिल्पाच्या बाजूला, भिंतीला जवळजवळ समांतर धरावा. मग मुकुटावरची नक्षी, मोडक्या हाताची राहिलेली खूण, वरच्या ढगांतले विद्याधर, म्हणजे आकाशात उडणारे देवगण, उठून दिसतात. तिथल्या पहारेकऱ्याला आधी विचारावं आणि शिल्पाला हात लावू नये. वरच्या पट्ट्यातल्या आकृत्यांसाठी छोटी दुर्बीण असेल तर उत्तम.

आता मुख्य गोष्ट: कुठून सुरुवात करायची. मोठ्या मूर्तीपासून तर नकोच. कोणतंही शिल्प वाचताना आधी डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजायचं: हात किती, हातांत काय, पायाशी कोण, वाहन कोणतं. त्यानंतर नाव ठरवायचं. अर्थाकडे वळायचं ते अगदी शेवटी. मोठ्या मूर्तीपाशी आपण नाव आधीच ऐकलेलं असतं, त्यामुळे मोजणी राहूनच जाते.

म्हणून प्रवेशानंतर उजव्या हाताला, आतल्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे जाऊन कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीच्या लग्नाचा पट आधी पाहावा. मोडतोड झालेली असूनही तो सहज वाचता येतो. पार्वती मान किंचित झुकवून उभी आहे. पाहा, ती शिवाच्या उजव्या बाजूला आहे. बायको डावीकडे असते हे आपल्याला माहीत असतं, पण लग्नविधी पूर्ण होईपर्यंत वधू उजवीकडे असते, नंतर डावीकडे येते. लग्नाच्या मांडवात बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा फरक कळायला हवा. म्हणजे शिल्पकाराने ऐन विधीचा क्षण पकडलाय, आणि तो कळतो केवळ कोण कुठल्या बाजूला उभं आहे त्यावरून. मागून वडील, हिमवान, तिला पुढे आणताहेत. पाण्याचा घडा घेऊन आलेल्याच्या डोक्यामागे चंद्रकोर आहे, म्हणून तो चंद्र. आणि आपल्या उजवीकडे खाली, पौरोहित्य करायला बसलेली तीन तोंडांची आकृती म्हणजे ब्रह्मा. तोंडं चार असतात, मागचं भिंतीत गेलेलं. हा ब्रह्मा नीट लक्षात ठेवून पुढे निघायचं.

दक्षिणेकडची मागची भिंत हा लेण्याचा प्राण. मधे मोठी मूर्ती, तिच्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर. आधी अर्धनारीश्वरापुढे जावं. आपल्या डावीकडच्या अर्ध्या भागात पुरुष, उजवीकडच्या अर्ध्यात स्त्री. हे "आपल्या डावीकडे" आणि "मूर्तीच्या डावीकडे" प्रकरण सगळ्यांना गोंधळवतं. मूर्तिशास्त्रात बाजू नेहमी मूर्तीच्या अंगाने सांगतात, म्हणून स्त्री ही शिवाची वामांगी, पण आपल्याला ती उजवीकडे दिसते. पुरुषाच्या बाजूच्या वरच्या हातात नाग, स्त्रीच्या बाजूच्या हातात आरसा, आणि सगळा भार नंदीवर टेकलेला. कंबरेला दिलेली लचक पाहा: स्त्रीच्या बाजूचं नितंब बाहेर येतं आणि पुरुषाची बाजू नंदीकडे कलते. दोन अर्धी शरीरं मधोमध चिकटवल्यासारखी वाटत नाहीत ती या लचकीमुळे. नंतरच्या कितीतरी अर्धनारी मूर्तींत नेमकं हेच साधलेलं नाही, मधली रेघ दिसत राहते.

आता आजूबाजूच्या गर्दीकडे वळा. हंसांच्या आसनावर बसलेला ब्रह्मा, ऐरावतावर इंद्र, आणि पलीकडे गरुडावर विष्णू. झालं की! ब्रह्मा आणि विष्णू इथे आपापल्या वाहनांसकट शिवाच्या दर्शनाला आलेत. भिंतीवर दोन हात अंतरावर ते पाहुणे म्हणून उभे असताना मधल्या मूर्तीत तेच दोघे शिवाच्या बरोबरीने कसे असतील? त्या मूर्तीच्या एकाही तोंडाजवळ ब्रह्म्याची पोथी, कमंडलू नाही की विष्णूचा शंख, चक्र नाही.

मग त्या मूर्तीत आहे काय? जवळपास 18 ते 20 फूट उंचीचा, छातीपर्यंतच दाखवलेला सदाशिव. शिवाची पाच मुखं मानतात: सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान. त्यांतली तीन समोर दिसतात, चौथं पाठीमागे, म्हणजे खडकात, आणि पाचवं वर, न दिसणारं. आपल्या डावीकडचं मुख अघोराचं: मिशी, भुवई आवळलेली, हातात नाग, केसांत कवटी. उजवीकडचं वामदेवाचं: ओठ भरलेले, केसांत मोत्यांच्या माळा, हातात कमळ, चेहरा स्त्रीचा. मधलं तत्पुरुष, डोळे मिटलेले, डाव्या हातात महाळुंग, म्हणजे मोठ्या लिंबासारखं फळ. उग्र आणि सौम्य दोन्ही टोकं एकाच गळ्यावर, आणि मधला चेहरा दोन्हींपासून अलिप्त. उत्पत्ती, स्थिती, लय ही वाटणी इथे बसवायला गेलं तर स्त्रीमुखाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. "त्रिमूर्ती" हे नाव मात्र इतकं रूळलंय की आता ते जाणार नाही. बोलताना वापरा, पाहताना विसरा.

या मूर्तीपाशी एक सोपा प्रयोग करावा. तिन्ही मुखांपुढे आळीपाळीने उभं राहून बाकीची दोन हाताने झाका. अघोर एकटा पाहिला तर राग दिसतो. तोच मधल्या चेहऱ्यासकट पाहिला तर रागाची धार उतरते. मूर्ती एकाच जागेवरून बघणाऱ्याला हे कळत नाही, आणि फोटोसाठी सगळे नेमके तिथेच उभे राहतात.

उजवीकडच्या गंगाधराच्या पटात वर बघायला विसरू नये. शिवाच्या डोक्यावर उतरणारी गंगा तीन मुखांची स्त्री म्हणून दाखवलीय, तिन्ही लोकांतल्या तीन प्रवाहांसाठी. पायाशी गुडघे टेकलेला भगीरथ. पार्वती शेजारी आहे, आणि तिच्या अंगाच्या वळणात नाराजी वाचणारे पुष्कळ आहेत. सवतीच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत, तरी एवढ्या झिजलेल्या चेहऱ्यावरून मत्सर ठरवणं जरा घाईचं वाटतं. वळण आहे, एवढं खात्रीने म्हणावं.

यानंतर बहुतेक सहली परत फिरतात आणि लेण्याचा अर्धा अर्थ मागेच राहतो. आज आपण उत्तरेकडून आत येतो आणि समोर सदाशिव दिसतो, म्हणून तोच केंद्र वाटतो. पण पूजेचं केंद्र पश्चिमेकडच्या भागात आहे: चारही बाजूंना दारं असलेलं सर्वतोभद्र गर्भगृह, आत शिवलिंग, प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल. पूर्वेच्या अंगणाकडून पाहिलं तर खांबांच्या रांगांमधून नजर सरळ या लिंगापर्यंत जाते. एक रेघ पूर्वपश्चिम, दुसरी उत्तरदक्षिण. पहिलीच्या टोकाला रूप नसलेलं लिंग, दुसरीच्या टोकाला अनेक रूपं एकत्र आणणारा सदाशिव. पूर्वेच्या बाजूला पाच मिनिटं जाऊन उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही, नकाशात पाहून तर नाहीच.

गर्भगृहाजवळचा अंधकासुरवध हा लेण्यातला सगळ्यात जोरकस पट. कंबरेखालचा भाग गेलाय, पण वर शिवाने ताणून धरलेलं हत्तीचं कातडं, सुळे दिसणारं तोंड आणि रक्त झेलायचं पात्र एवढं पुरेसं आहे. पात्राचं कारण गोष्टीत आहे: अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा राहतो. हे पात्र नजरेतून सुटलं तर हा पट साधी मारामारी वाटेल.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. उत्तरेच्या दाराशी उजवीकडे नटराज, हातपाय तुटलेला, पण धडाचा पीळ शाबूत. डावीकडे योगीश्वर: कमळावर पद्मासन, देठ धरलेले नाग. बरेच जण याला बुद्ध समजतात, आणि मांडणी तशीच आहे, ती बौद्ध लेण्यांतून आलेलीच असावी. जटा पाहिल्या की संशय फिटतो. पूर्वेकडचे दोन पट, रावणाने कैलास उचलणं आणि सारीपाट खेळणारे शिवपार्वती, इतके खराब झालेत की पहिल्यांदा जाणाऱ्याला हाती फारसं लागत नाही. त्यांची भरपाई वेरूळला होते. तिथल्या 29 नंबरच्या धुमार लेण्याचा आराखडा घारापुरीशी जुळतो आणि विषयही बरेचसे तेच आहेत. घारापुरीत काय तुटलंय ते वेरूळचे फोटो मोबाइलवर घेऊन गेलात तर जागेवरच ताडून पाहता येईल.

मोडतोडीचं खापर पोर्तुगीजांवर फोडलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण झिरपणारं पाणी आणि खारी हवाही शतकानुशतकं दगड खात आहेत. पोर्तुगीजांनी केलेलं खरं न भरून येणारं नुकसान म्हणजे त्यांनी इथला शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. त्यामुळे लेणं कुणी कोरवलं हे शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून ठरवावं लागतं. काळ सहाव्या शतकाच्या मध्याचा मानतात. "पांडवांनी एका रात्रीत कोरलं" असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जावं. बेटाला एलिफंटा नाव देणारा दगडी हत्ती आता इथे नाही, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

वेळेचा हिशेब असा: एक नंबरच्या लेण्याला दीड ते दोन तास द्यावेत, बाकीच्या लेण्यांना मिळून अर्धा तास पुरतो, त्यांत कोरीव काम कमी आहे. तोफेच्या टेकडीवर चढायचं तर आणखी पाऊण तास. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना द्वारपाल मोजायला आणि प्रत्येक पटात ब्रह्मा शोधायला लावा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास सुटते, तिला झुंबड असते. चारची पकडली तर बसायला जागा मिळते.