स्मार्टव्होट वापरून बघितलं: मतं जुळतात, पण माणूस निर्णय कसा घेतो ते कुठे कळतं?

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन.

मावशीचा आणि माझा एक वाद कितीतरी वर्षं चालू आहे. ती म्हणते पक्ष बघायचा, माणसं काय येतात नि जातात. मी म्हणते माणूस निर्णय कसा घेतो ते बघायचं, कारण निवडून आल्यावर जे प्रश्न अंगावर येतात त्यातले निम्मे प्रचारात कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. स्वित्झर्लंडच्या संसदेची २०२३ ची निवडणूक होती तेव्हा म्हटलं चल, भांडण्यापेक्षा तिथली ती स्मार्टव्होट नावाची वेबसाइट दोघी बसून भरू. आपण तिथले मतदार नाही पण भरता येतं, इंग्रजीतही आहे, कुठला तरी कॅन्टन (म्हणजे तिथलं राज्य) निवडायचा आणि सुरू करायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही सेवा २००३ पासून चालू आहे. उमेदवार आधी प्रश्नावली भरतात, मग तीच प्रश्नावली आपण भरायची आणि कोणाशी किती टक्के जुळतं त्याची यादी समोर येते. छोटी आवृत्ती आहे आणि मोठी ७५ प्रश्नांची. आम्ही मोठी घेतली. हो, साधारण हो, साधारण नाही, नाही असे पर्याय, आणि एखादा प्रश्न तुम्हाला जास्त महत्त्वाचा वाटत असेल तर त्याचं वजन वाढवायची सोय. पुढे खर्चाचे प्रश्न येतात, कुठल्या खात्यावर जास्त पैसा लावायचा आणि कुठल्यावर कमी, आणि मला विचाराल तर तिथेच खरी परीक्षा होते कारण तोपर्यंत मावशी सगळ्याला हो म्हणत होती आणि इथे येऊन पहिल्यांदा थांबली, चष्मा काढून पुसला, म्हणाली सगळीकडे वाढवत बसलो तर पैसा आणणार कुठून.

शेवटी आठ टोकांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र मिळतं. एका टोकाला पर्यावरण, एकाला परराष्ट्र धोरण, एकाला कायदा-सुव्यवस्था वगैरे. आपलं जाळं आणि उमेदवाराचं जाळं एकमेकांवर ठेवून बघता येतं. हे मला फार आवडलं, कारण एकाच पक्षाच्या दोन माणसांची जाळी शेजारी ठेवली की दिसतं दोघं सगळीकडे सारखे नाहीत, एकाचं एका बाजूला फुगलेलं आणि दुसऱ्याचं तिथेच आक्रसलेलं. मावशीचा पक्षावरचा विश्वास हलला नाही पण ती चित्राकडे बराच वेळ बघत होती.

आता या सेवेला एवढं वजन का आहे ते तिथल्या मतपत्रिकेत आहे. तिथे मतदार पक्षाची छापील यादी घेतो आणि हवं तर त्यातलं नाव खोडतो, त्या जागी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव हाताने लिहितो, एखादं आवडतं नाव दोनदाही लिहू शकतो. म्हणजे पक्ष की माणूस हा प्रश्न नुसता चर्चेत राहत नाही, पेन घेऊन सोडवता येतो. जर्मनीचं वाल-ओ-मॅट (२००२ पासून आहे) पण चांगलंय, ३८ विधानं, पटकन होतं, पण तिथे तुलना पक्षांशी होते. माणूस कुठेच दिसत नाही.

तर साडेतीनच का, पाच का नाही. कारण ७५ प्रश्नांनंतर मला कळलं की उमेदवाराला काय वाटतं. पण त्याच्या मनाविरुद्ध काही घडलं तर तो कसा वागेल, कोणाला विचारेल, चूक झाली तर कबूल करेल का, हे कळलं नाही. आणि लोक शेवटी त्यावरच माणसाला तोलतात असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देते, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं. तिथे ५८ वर्षं एकाच पक्षाचं, सीडीयूचं, सरकार होतं. २०११ मध्ये ते गेलं आणि ग्रीन पक्षाचे विन्फ्रिड क्रेचमन मुख्यमंत्री झाले. तेव्हा श्टुटगार्टच्या रेल्वे स्टेशनच्या प्रचंड प्रकल्पावरून राज्य पेटलं होतं आणि क्रेचमन त्या प्रकल्पाच्या विरोधात होते. सत्तेवर आल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सार्वमत झालं, आणि मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ ५९ टक्के लोक म्हणाले की राज्याने प्रकल्पातून बाहेर पडू नये. म्हणजे क्रेचमन हरले. आणि त्यांनी ते मान्य केलं, प्रकल्प चालू राहिला. आता कुठल्याही प्रश्नावलीत बघा, प्रकल्पाला पाठिंबा असलेल्या मतदाराचं त्यांच्याशी त्या प्रश्नावर जुळणारच नाही, लाल फुली. पण २०१६ मध्ये त्यांचा पक्ष ३०.३ टक्के मतं घेऊन राज्यात पहिला आला, २०२१ मध्ये ३२.६ वर गेला. याला इतरही कारणं असतील, मान्य आहे, पण हरल्यावर निकाल स्वीकारणारा माणूस ही त्यांची ओळख त्यात नव्हती असं मला कोणी पटवू नये.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी, त्यांचंही तसंच. एप्रिल १९६१ मध्ये क्युबावरची मोहीम पूर्ण फसली, जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली आणि त्यानंतर गॅलपच्या पाहणीत त्यांना ८३ टक्के लोकांची पसंती होती. फसल्यावर!

मावशीने यावर लगेच तोंड बंद केलं माझं, आणि खरं सांगायचं तर तिचा मुद्दा तगडा होता. ती म्हणाली, तू अमेरिकेचं सांगतेस ना, मग पुढचंही सांग. २०१६ मध्ये तिथे सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, ३४ जागांची निवडणूक झाली आणि प्रत्येक राज्यात अध्यक्षपदाला ज्या पक्षाला मत, सिनेटलाही त्याच पक्षाला. एकही राज्य वेगळं वागलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. २०२० मध्ये फक्त मेन राज्य, तिथे बायडन जिंकले आणि सिनेटला मात्र रिपब्लिकन सुझन कॉलिन्स. म्हणजे ३४ माणसांच्या ३४ तऱ्हा असणार ना गं, मग लोकांनी बघितल्या का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मला एवढंच वाटतं की जिथे दुसऱ्या पक्षाला मत देणं म्हणजे घरच्यांशी दगा असं वाटायला लागतं तिथे स्वभाव बघायची फुरसतच राहत नाही, आणि जिथे मतपत्रिकेवर पेनाने नाव बदलता येतं तिथे राहते.

बरं, स्मार्टव्होटमध्ये एक जागा आहे जिथे हे थोडंसं दिसतं आणि बहुतेक लोक तिथे जात नसतील, म्हणून मुद्दाम सांगते. उमेदवाराला उत्तराखाली स्वतःची टिप्पणी लिहिता येते. टक्क्यांच्या यादीवर समाधान मानू नका, नावावर क्लिक करा आणि त्या टिप्पण्या वाचा. कोणी काहीच लिहिलेलं नसतं, कोणी घोषणा चिकटवलेली असते, आणि कोणी सरळ लिहितं की साधारण हो म्हटलंय पण अमुक अट पाळली तरच. हा तिसरा प्रकार मला पाहिजे होता. अडचण एकच, या टिप्पण्या टक्क्यांच्या हिशोबात धरल्या जात नाहीत, एकेकाचं पान उघडून वाचाव्या लागतात, आणि उमेदवार एवढे की माणूस थकतो.

माझी मागणी एकच, जे आधी निवडून आलेले आहेत त्यांच्या पानावर एक भाग असा पाहिजे की या माणसाने मत कधी बदललं, तेव्हा कारण सांगितलं का, स्वतःच्या पक्षाच्या विरोधात कधी मतदान केलं. यातलं बरंच सभागृहाच्या नोंदीत असतं, फक्त मतदारासमोर एका जागी मांडायचं आहे. तेवढं झालं की मी पाच देईन.

रात्री जेवण झाल्यावर मावशीने एक कागद मागितला. तिच्या आवडीच्या पक्षाची यादी उतरवली, वरून खाली नीट, तिच्या त्या जुन्या तिरक्या अक्षरात. मग पाचव्या नावावर काट मारली आणि तिथे दुसऱ्या पक्षाच्या एका बाईंचं नाव लिहिलं, ज्यांची टिप्पणी तिने तीनदा वाचून घेतली होती.