फ्रापे १५ साठी बेंच: आतलं सगळं चोख, बाहेरचं तुमच्या गळ्यात

ईआरपीनेक्स्ट म्हणजे धंद्याचा हिशेब, साठा आणि विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या कोडमध्ये हात घालायचा तर आधी बेंच उभा करावा लागतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे ओपन सोर्स साधन टर्मिनलवरून चालतं, आणि ईआरपीनेक्स्ट व त्याच्या खालचं 'फ्रापे' फ्रेमवर्क आपल्या मशीनवर बसवतं. हा रिव्ह्यू फ्रापे आणि ईआरपीनेक्स्टची आवृत्ती १५ आणि उबंटू २२.०४ धरून लिहिलाय. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) हेच करावं, फक्त बेंच लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवावा. सी ड्राइव्हवर ठेवला तर फाइल वाचणं कूर्मगतीने होतं, आणि फाइल बदलल्याची खबर लिनक्सपर्यंत पोचत नसल्याने जावास्क्रिप्ट आपोआप बिल्ड होत नाही.

आधी जमेची बाजू. 'बेंच इनिट' दिलं की एकाच फोल्डरात ॲप्स, एन्व्ह, साइट्स, कॉन्फिग आणि लॉग्ज असे पाच कप्पे तयार होतात. पायथनचं स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, रेडिसची (मेमरीत चालणाऱ्या डेटा-साठ्याची) कॉन्फिग, नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची) पॅकेजेस, सगळं तिथेच. शेजारच्या फोल्डरात आधीचा बेंच असेल तर नवा बेंच ८००० ऐवजी ८००१ पोर्ट घेतो, त्यामुळे ग्राहकाची जुनी आवृत्ती आणि स्वतःचं नवं काम एकाच लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने नांदतात. 'बेंच स्टार्ट' केल्यावर एकाच टर्मिनलमध्ये वेब, सॉकेटआयओ, वॉच, शेड्यूल, वर्कर आणि दोन रेडिस सुरू होतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ, मग रंगीत अक्षरांत प्रक्रियेचं नाव, उभी रेघ आणि पुढे मजकूर. चूक पायथनमध्ये आहे की बिल्डमध्ये की पार्श्वभूमीच्या जॉबमध्ये, हे डावीकडचा रंग बघूनच कळतं. ही सोय खरोखर मोलाची आहे.

अडतं ते बेंच जे स्वतः बसवत नाही तिथे.

पहिलं नोड. लागतं १८, उबंटू २२.०४ च्या ॲप्टमध्ये (पॅकेज बसवणाऱ्या साधनात) मिळतं १२. म्हणून एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) १८ घ्या आणि यार्न हे जावास्क्रिप्ट पॅकेजेस बसवणारं साधन नोडसोबतच्या एनपीएममधून बसवा. यार्न नसताना 'यार्न' कमांड टाकली तर उबंटू 'सीएमडीटेस्ट' पॅकेज सुचवतो. ते बसवू नका, त्यात 'यार्न' नावाचं भलतंच साधन आहे. 'देअर आर नो सिनॅरिओज' असा एरर दिसला तर हेच झालंय समजा.

दुसरं, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं, मारियाडीबी, म्हणजे डेटाबेस. उबंटूवर तिचा रूट यूझर पासवर्डने नाही, तर युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे लिनक्सवर कोण लॉगिन आहे त्यावरून ओळखला जातो. नवी साइट (स्वतःचा डेटाबेस असलेली प्रत) बनवणारा 'बेंच न्यू-साइट' मात्र रूटचा पासवर्ड विचारतो. तुम्ही काहीही टाइप केलंत तरी १६९८ क्रमांकाचा 'ॲक्सेस डिनाइड' येणार. पासवर्ड चुकतोय असं वाटून लोक तो पुन्हा पुन्हा टाकत बसतात. उपाय एका ओळीचा आहे: सुडो लावून मारियाडीबीत शिरा आणि 'ऑल्टर यूझर' वापरून रूटला पासवर्ड द्या. मग अक्षरसंच. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४', कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' करा, क्लायंट हँडशेक बंद करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. उबंटूचं मूळ कोलेशन 'जनरल_सीआय' असतं, तेवढ्या फरकावरूनही साइट बनताना अडू शकते. (देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणून जुन्या, तीन बाइटपर्यंतच्या अक्षरसंचातही मराठी नीट दिसायचं. चार बाइट लागतात ते इमोजीला, आणि एंट्री तिथे फुटायची.)

तिसरं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ, वेबपानाची पीडीएफ करणारं साधन. ॲप्टमधून घेतलं तर पीडीएफ निघते, म्हणून सगळं आलबेल वाटतं. पण उबंटूचं ते पॅकेज पॅच न केलेल्या क्यूटी लायब्ररीवर बांधलेलं असतं, त्याला हेडर-फूटरचे पर्याय कळत नाहीत, ते पर्याय ते गाळून टाकतं. परिणामी इन्व्हॉइसवरचं लेटरहेड गायब. आवृत्ती तपासा: '०.१२.६' च्या पुढे कंसात 'विथ पॅच्ड क्यूटी' दिसलंच पाहिजे. नसेल तर मूळ प्रकल्पाच्या रिलीजमधलं डेब पॅकेज बसवा. तो प्रकल्प २०२३ मध्येच अर्काइव्ह झालाय, म्हणजे पुढच्या दुरुस्त्यांची आशा नको.

आता बेंचच्या स्वतःच्या दोन खोडी. 'बेंच गेट-ॲप ईआरपीनेक्स्ट' एवढंच लिहिलं तर रिपॉझिटरीची डीफॉल्ट ब्रँच येते, ती म्हणजे डेव्हलप, पुढच्या आवृत्तीचं चालू काम. खाली फ्रापे १५ आणि वर डेव्हलपचं ईआरपीनेक्स्ट असा सांधा बसत नाही, इम्पोर्ट किंवा मायग्रेट करताना फुटतो. ब्रँच दरवेळी लिहाच, आणि शंका आली की 'बेंच व्हर्जन' बघा. दुसरी खोड रेडिसची. बेंचचे रेडिस ११००० आणि १३००० या पोर्टवर चालतात, सिस्टमच्या ६३७९ वर नाहीत, आणि ते 'बेंच स्टार्ट' चालू असेपर्यंतच जिवंत असतात. म्हणून ॲप इन्स्टॉल करताना 'एरर १११, कनेक्शन रिफ्यूज्ड' आला तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये बेंच चालू करा, काम मार्गी लागतं.

साइटचं नाव '.लोकलहोस्ट'ने संपणारं ठेवा. क्रोम आणि फायरफॉक्स ते थेट आपल्याच मशीनकडे वळवतात, होस्ट्स फाइलला हात लावावा लागत नाही. डेव्हलपर मोड पहिल्याच दिवशी चालू करा. तो बंद असताना बनवलेला डॉकटाइप (फ्रापेतला डेटाचा साचा) फक्त डेटाबेसमध्ये राहतो. चालू असेल तरच त्याची जेसन फाइल ॲपच्या फोल्डरात उतरते, आणि गिटमध्ये जाते ती फाइलच.

मेमरी ४ जीबीपेक्षा कमी असेल तर स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या. एचआरएमएससारख्या (कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या) ॲप्सचे वेगळे फ्रंटएंड बिल्ड होताना प्रक्रिया नुसतं 'किल्ड' म्हणून मरते, कारण सांगत नाही.

सगळं कंटेनर नावाच्या बंद डब्यांत चालवणाऱ्या डॉकरचं काय? फ्रापे-डॉकरमधली झटपट चाचणीची फाइल ८०८० वर ईआरपीनेक्स्ट दाखवते. ओळख करून घ्यायला उत्तम, पण तिच्यावर डेव्हलपमेंट करू नका. कंटेनरच्या आत बसवलेलं ॲप कंटेनर नव्याने बनला की जातं. डेव्ह-कंटेनरचा, म्हणजे कंटेनरच्या आतच कोड लिहिण्याचा मार्ग खरा आहे, मारियाडीबी आणि रेडिस तयार मिळतात. बदल्यात डेटाबेस होस्ट 'मारियाडीबी' असा सेट करा आणि प्रॉकफाइलमधल्या ('बेंच स्टार्ट' काय काय सुरू करतो त्या यादीतल्या) रेडिसच्या ओळी काढा. व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी हाच घ्यावा, इतरांनी हातानेच उभारावं. एकदा हाताने केलं की पुढे काय कुठे बिघडलं हे समजतं.

पॅच पाठवायचा असेल तर आणखी एक गाठ सोडवायची असते. बेंच क्लोन करतो तो एका कमिटपुरता आणि एकाच ब्रँचचा, आणि रिमोटला नाव देतो 'अपस्ट्रीम'. त्यामुळे कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते दाखवणारा 'गिट ब्लेम' सगळ्या ओळी एकाच कमिटच्या नावावर टाकतो आणि दुसरी ब्रँच सापडत नाही. 'गिट रिमोट सेट-ब्रँचेस'ने अपस्ट्रीमच्या सगळ्या ब्रँच मागवा, 'गिट फेच --अनशॅलो' करा, आणि आपला फोर्क (गिटहबवरची आपली प्रत) 'ओरिजिन' म्हणून जोडा. पुल रिक्वेस्ट डेव्हलपवर द्यायची असते, म्हणून त्यासाठी डेव्हलपचा वेगळा बेंच ठेवा. प्री-कमिट (कमिटआधी कोड तपासणारं साधन) बसवा, कमिटचा मथळा 'फिक्स:' किंवा 'फीट:' असा सुरू करा, आणि साइटवर 'अलाउ टेस्ट्स' चालू करून आपल्या डॉकटाइपच्या टेस्ट 'बेंच रन-टेस्ट्स'ने आधी घरीच चालवा.