सहा महिने वापरलेला ओपनफ्लो स्विच: एका अक्षराने घेतलेल्या तीन रात्री

रंगपंचमीच्या गेरच्या (मिरवणुकीच्या) आदल्या दिवशी इंदूरच्या जेल रोडवरून सेकंडहँड घेतला. २४ गिगाबिट पोर्ट, ओपनफ्लो १.३: म्हणजे कुठलं पॅकेट कुठे जायचं, ते नियम कंट्रोलर नावाच्या बाहेरच्या प्रोग्रॅममधून टाकता येतात.

पहिले दोन महिने मी रामबागेतल्या घरी येईल त्याला पकडून दाखवायचो. रायू ह्या कंट्रोलरमधून नियम टाकला की तो थेट चिपच्या टीकॅममध्ये, म्हणजे नियम ताडणाऱ्या खास मेमरीत. तिथे प्रत्येक बिट ०, १ किंवा 'काहीही चालेल', आणि सगळ्या नोंदी एकदम ताडल्या जातात. आयपरफ ह्या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर सेकंदाला ९४० मेगाबिट, आणि स्विचचा सीपीयू निवांत.

मग लोड बॅलन्सरची हौस आली. एका पत्त्यावर येणारं ट्रॅफिक दोन सर्व्हरांत वाटायचं, म्हणून पॅकेटवरचा डेस्टिनेशन आयपी (जायचा पत्ता) बदलण्याची ॲक्शन लावली. नियम टेबलात दिसतोय, काउंटर वाढतोय, पिंग झकास. आयपरफ? १२ मेगाबिट! तीन रात्री केबली बदलत बसलो. चौथ्या दिवशी स्विचच्याच कमांड लाइनवर, शेवटच्या रकान्यात, नियमासमोर एकच अक्षर सापडलं: एस. म्हणजे सॉफ्टवेअर. चिपला आयपी बदलता येत नाही, म्हणून ह्या पठ्ठ्याने नियम गुपचूप सीपीयूच्या गळ्यात मारला. पिंगचं काय, सेकंदाला एक पॅकेट, तेवढं सीपीयूलाही झेपतं. पण गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला १४.८८ लाखांपर्यंत येऊ शकतात. कंट्रोलरला एरर नाही, कारण नियम 'चालतो' आहेच. ओपनफ्लोच्या मते चिपने केलं काय नि सीपीयूने केलं काय, एकच.

दुकानदाराकडे गेलो. "भिया, टेबल में दिख तो रिया है ना?" बिल नाही, वॉरंटी नाही, पैसे परत नाहीत. रागाने विकायला काढणार होतो, तर खोक्यात आईने कुरडया भरलेल्या.

तेव्हा एक तारा लिहिला होता. आता बदलतोय. विकत नवा घ्यायचा नव्हता, म्हणून डोकं चालवावं लागलं: दोन्ही सर्व्हरांना एकच आयपी, एकच मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता). स्विचने काही बदलायचंच नाही, फक्त पोर्ट निवडायचा. सोर्स आयपीचा (पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा) शेवटचा बिट ०, तर पहिला सर्व्हर. १, तर दुसरा. बाकीचे ३१ बिट 'काहीही चालेल'. मोजून दोन नियम! एआरपी, म्हणजे 'ह्या आयपीचा मॅक कोणता?' हा प्रश्न, दोघांनाही पाठवतो, उत्तरं दोन आली तरी मॅक तोच. एक सर्व्हर बंद पडला तर अर्धे ग्राहक लटकतात, ते अजून सुटलेलं नाही. पण आकडा परत ९४०, आणि रकान्यात एच, म्हणजे हार्डवेअर.

पंखा गिरणीसारखा वाजतो, वीजबिलावर बोलत नाही. पण ते अक्षर कंट्रोलरला का कळवत नाहीत, ह्याचा राग अजून आहे. साडेतीन तारे. अर्धा कापला तो तीन रात्रींचा.