‘लागलास तर आपलं, नाही तर पैसे परत’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

माझा धाकटा भाऊ गट ड भरतीची तयारी करत होता, तेव्हा तालुक्याच्या अभ्यासिकेबाहेर त्याला एजंटाने गाठलं. “वरपर्यंत सेटिंग आहे. येतात तेवढेच प्रश्न सोडव, उत्तरपत्रिकेतले बाकीचे गोळे कोरे ठेव, ते आत भरले जातात. लागलास तर आपलं, नाही तर पैसे परत.” वडिलांनी आईचं गंठण मोडलं, सोसायटीचं कर्ज उचललं आणि 4 लाख रोख दिले. शिवाय मूळ गुणपत्रिका आणि सही केलेला कोरा चेक त्याने ठेवून घेतला.

यादीत नाव आलं नाही. मग गोल शिक्क्याचं नियुक्तिपत्र आलं. त्यावर जावक क्रमांकाची जागा कोरीच होती. रुजू व्हायला गेलेल्या भावाला कार्यालयाच्या दारातूनच परत पाठवलं.

हा धंदा ओळखून ठेवा. एजंट आत काहीही करत नाही. तो बऱ्याच पोरांकडून पैसे घेतो, त्यातली दोन-चार स्वतःच्या अभ्यासावर लागतात. त्यांचे पैसे तो पचवतो आणि त्यांचीच नावं सांगून पुढची पोरं गाठतो. उत्तरं येत असताना भाऊ ती कोरी सोडून आला, याची चीड मला पैशांपेक्षा जास्त आहे.

लोक विश्वास ठेवतात, कारण बातम्याच तशा येतात. म्हाडाची 12 डिसेंबर 2021ची परीक्षा पेपरफुटीमुळे आदल्या रात्री रद्द झाली. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, 7800हून अधिक उमेदवार अपात्र ठरले. 2023च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी 10 लाखांवर अर्ज आले. अशा वेळी प्रामाणिक पोरालाही वाटतं, सगळे देतात तर मीच का मागे राहू? सरकारने ही दारं बंद केली नाहीत, म्हणून एजंटाचं फावतं.

पैसे परत मागितले की धमकी ठरलेली: “तक्रार केलीस तर तूही आत जाशील.” भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, हे खरं, पण बळजबरीने द्यावी लागली असेल आणि 7 दिवसांत कळवलं, तर संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. मुदत टळली असेल तर आधी वकिलाला भेटा. कोरा चेक दिला असेल तर आजच बँकेत लेखी ‘स्टॉप पेमेंट’ द्या. गुणपत्रिकांची दुय्यम प्रत मंडळाकडून मिळते, त्यांच्यासाठी एजंटाच्या पाया पडू नका. आणि त्याचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग रागाच्या भरात डिलीट करू नका.