पेल्विक बाइंडर: पावसाळाभर वापरल्यानंतर

आमच्या कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेल्विक बाइंडर, म्हणजे मोडलेलं पेल्विस (कमरेखालचं हाडांचं कडं) बाहेरून आवळून धरणारा रुंद पट्टा, आला तो मे महिन्याच्या शेवटी, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर खड्डे पडायच्या आधी. आता डिसेंबर संपत आलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातले सगळे पट्टे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत आणि मला बोलायचंय ते वापराबद्दल.

आमच्या भागात पेशंट साधारण असे असतात: कंटेनरने उडवलेले दुचाकीस्वार, कोलशेत-कावेसरकडच्या बांधकामावरून पडलेले मजूर, कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकलमधून पडलेली पोरं. दुचाकीस्वार पुढे फेकला जाताना टाकीवर आपटतो आणि पेल्विसचं हाडांचं कडं समोरून उघडतं. ऑर्थोवाले त्याला ओपन बुक म्हणतात. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, पण आत मागच्या बाजूच्या शिरा आणि मोडलेल्या हाडांची टोकं वाहत असतात. त्या पोकळीत काही लिटर रक्त सहज मावतं. माणूस शुद्धीवर असतो, पाणी मागतो आणि बघता बघता पांढरा पडतो. बाइंडर ते कडं पुन्हा जवळ आणतो, हाडं हलू देत नाही, त्यामुळे धरलेली गुठळी टिकते. धमनी फाटली असेल तर मात्र पट्टा पुरत नाही, तिथे एम्बोलायझेशन (वाहणारी धमनी आतून बंद करणं) किंवा ऑपरेशनच लागतं.

आता खरा मुद्दा, म्हणजे जागा. पट्टा हातात आला की कोणीही तो कमरेवर बांधतो. कमरेच्या वरच्या हाडांवर आवळलेला पट्टा काम करत नाही, कधी कधी खालचा भाग आणखी उघडतो. तो हवा खुब्यावर: मांडीच्या बाहेरच्या अंगाला वरती हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, पट्ट्याचा मध्य बरोबर त्यावर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे फारच खाली वाटतं. आमचा ब्रदर अजूनही आधी दोन्हीकडचे उंचवटे बोटांनी धरतो आणि मगच मला पट्टा सरकवायला सांगतो, आणि हीच पद्धत मला सगळ्यात आवडते.

पट्टा घालायला पेशंटला कुशीवर वळवायचं नाही. गुडघ्यांच्या मागच्या पोकळीतून आत घालायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखा पुढे-मागे ओढत वर आणायचा. त्याआधी पावलं किंचित आत वळवून घोटे तिकोनी पट्टीने बांधून घेतो. जीन्स कापतोच. कापायला वेळ नसेल तर निदान खिसे रिकामे करायचे. मोबाईल, किल्ल्या, रिक्षावाल्यांची चिल्लर, हे सगळं पट्ट्याखाली राहिलं तर कातडीत रुततं.

बकलला ठरावीक ताण आला की टक् असा आवाज येतो, असं माहितीपत्रकात लिहिलंय. शोरूममध्ये येत असेल. माजिवड्याच्या पुलाखाली, पावसात, मागे ट्रकचे हॉर्न चालू असताना तो कोणालाही ऐकू येत नाही. बकलवर तळहात ठेवला तर झटका मात्र जाणवतो. व्हेल्क्रोत चिखल आणि चादरीचे धागे अडकले की पकड सुटते, ही दुसरी तक्रार.

पट्ट्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते दाबण्यात नाहीच. भडक रंगाचा पट्टा दिसला की पुढचा माणूस पेशंटच्या कमरेला हात लावत नाही. आधी काय व्हायचं? आम्ही पेल्विस दाबून बघायचो, कॅज्युअल्टीतला आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) दाबायचा, मग ऑर्थोचा रेसिडेंट येऊन पुन्हा दाबायचा. परीक्षेसाठी शिकलेली ती टेस्ट, पण प्रत्येक दाबाला धरलेली गुठळी सुटू शकते. अपघात कसा झाला, दुखतं कुठे, बीपी किती, एवढं कळलं की पट्टा बांधायला पुरतं. आता ट्रॉलीवर घेताना वॉर्डबॉय मामासुद्धा स्वतःहून स्कूप (पेशंटला न वळवता उचलणारं, दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर) मागतात.

याच पट्ट्याने एक नवी भानगडही आणली. नीट बसलेला पट्टा कडं इतकं छान मिटवतो की एक्स-रे नॉर्मल दिसतो. एका ठिकाणी तर फिल्म बघून पट्टा लगेच काढायची तयारी चालली होती. पट्ट्यासकट काढलेला नॉर्मल एक्स-रे म्हणजे फ्रॅक्चर नाही असं नव्हे. बीपी स्थिर असताना, ऑर्थोच्या देखरेखीखाली पट्टा सैल करून पुन्हा फिल्म काढायची असते. दुसरं टोक म्हणजे पट्टा विसरून जाणं. चोवीस तासांच्या आत काढायचाच, बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसांत त्याआधीच कातडी बघायची. म्हणून आम्ही बांधल्याची वेळ मार्करने पट्ट्यावरच लिहितो. लघवीच्या जागी रक्त दिसलं तर नळी घालायची घाई नको, हेही सिस्टरना हँडओव्हरमध्येच सांगते.

बाथरूममध्ये घसरलेल्या प्रत्येक आजीला मी पट्टा बांधत नाही. तिथे बहुधा खुब्याचं हाड मोडलेलं असतं किंवा पेल्विसला बाजूने मार असतो, आणि बीपी चांगलं असेल तर पट्ट्याने दुखणं तेवढं वाढतं.

पट्ट्याबरोबर ट्रॅनेक्सा, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन. या औषधाच्या 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत वीस हजारांवर जखमी होते, भारतातलेही. 1 ग्रॅम दहा मिनिटांत, आणि तेही अपघातापासून तीन तासांच्या आत. तीन तास ऐकायला भरपूर वाटतात, पण गायमुखला एखादा ट्रेलर बंद पडला की हिशेब बदलतो. सलाईन मात्र बाटल्यामागून बाटल्या ओतत नाही.

चादरीने भागतं का? भागतं. फूटभर रुंदीची घडी, त्याच खुब्याच्या पातळीवर, समोर ओढून टॉवेल क्लिपने धरलेली. गाठ सैल पडते. बाइंडरने जास्त जीव वाचतात असा भक्कम पुरावा अजून नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे बजेट नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. लहान मुलांना तर आमचा पट्टा बसतच नाही, तिथे चादरच.

खर्चाचं गणित वेगळंच आहे. पट्टा एका पेशंटसाठी असतो, सगळे धुऊन पुन्हा वापरतात, आणि पेशंटबरोबर दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेला पट्टा परत येत नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं: मावशींनी कचऱ्यात टाकला.

घेणार असाल तर सीटीत चालतो का ते विचारा, बकल ओल्या ग्लोव्हजने उघडून बघा, आणि डीलरकडून एक जुना पट्टा सरावासाठी मागून घ्या. आमच्या चालकदादांनी त्याच्यावरच हात बसवलाय. रात्रपाळीला पट्ट्याचं दुसरं टोक बऱ्याचदा तेच ओढतात.