पोटॅशियम क्लोराइडची सावकाश विरघळणारी गोळी (६०० मिग्रॅ): गिटेलमनच्या पेशंटचा अभिप्राय

मला गिटेलमन सिंड्रोम आहे, म्हणजे मूत्रपिंडातून मीठ वाहून जाण्याचा जन्मजात आजार. आधी मी पोटॅशियम सायट्रेटचं सिरप घ्यायचे, आता बरीच वर्षं ही गोळी घेते. दोन्ही घेऊन पाहिल्यावर सांगते: आमच्यासाठी गोळीच बरी, आणि त्याचं श्रेय जितकं पोटॅशियमला तितकंच क्लोराइडला आहे.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम कमी दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. पण मूळ गळती सोडियम आणि क्लोराइडची असते. मूत्रपिंडाच्या नळीच्या शेवटाकडच्या भागात एनसीसी नावाचा पंप हे दोन्ही जोडीने परत आत ओढतो. आमच्यात त्याचा जीन, एसएलसी१२ए३, बिघडलेला असतो. मीठ निसटलं की शरीर अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारं संप्रेरक वाढवून सोडियम वाचवायला बघतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम आणि आम्ल लघवीवाटे बाहेर जातं. रक्त अल्कलीकडे झुकतं. आता जादा बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातली अल्कली, बाहेर टाकायला मूत्रपिंडाला क्लोराइड हवं, आणि नेमकं तेच संपलेलं! सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेटच होतं, म्हणजे त्यात भरच. या गोळीत पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्ही ८-८ मिलिमोल मिळतात.

क्लोराइडचं महत्त्व मला निदानाच्या वेळीच कळलं. पोटॅशियम सतत कमी, बीपी कमी, हातापायांत गोळे, ओठांना मुंग्या. एका डॉक्टरांनी आडून विचारलं, चोरून उलट्या करतेस का? फार लागलं ते मनाला. उत्तर लघवीतल्या क्लोराइडच्या साध्या तपासणीने दिलं. उलट्या होत असतील तर मूत्रपिंड क्लोराइड घट्ट धरून ठेवतं, लघवीत ते जेमतेम सापडतं. माझ्या लघवीत भरपूर होतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा संशय मात्र त्याने फिटत नाही, तो जीन तपासणीने फिटला. उलट्यांची शंका घेतली गेली असेल तर लघवीतल्या क्लोराइडची तपासणी जरूर मागा.

गोळीविषयी. आकाराने मोठी आहे आणि तोडायची, चावायची नाही, नाहीतर सगळं मीठ एकदम सुटून अन्ननलिकेला किंवा पोटाला इजा होऊ शकते. जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. रिकाम्या पोटी घेतली की माझ्या पोटात जळजळतं. शौचात कधी अख्खी गोळी पडल्यासारखी दिसते. घाबरू नका, औषध झिरपून गेलेलं असतं, ते नुसतं टरफल. दिवसाचा डोस विभागून घ्यावा लागतो, एकदम घेतलेलं मूत्रपिंड टिकू देत नाही. मॅग्नेशियमची कमतरता हिने भरत नाही, ते वेगळं घ्यावंच लागतं.

बीपीबद्दल आमच्या ग्रुपवर नेहमी विचारतात, म्हणून लिहिते. आईबाबांकडून एकेक सदोष प्रत आली तरच हा आजार होतो. एकच प्रत सदोष असलेले लोक ठणठणीत असतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या हृदयविकार अभ्यासातल्या लोकांचे, मीठ धरून ठेवणारे असे तीन जीन (त्यात आमचाही) तपासले, तेव्हा सदोष प्रत असलेल्यांचं वरचं बीपी सरासरी ६ अंकांनी कमी निघालं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. उलट गॉर्डन सिंड्रोममध्ये हाच पंप गरजेपेक्षा जास्त चालतो, बीपी आणि पोटॅशियम दोन्ही चढतात. त्यावर थायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी देतात, कारण ते औषध हाच पंप बंद करतं.

म्हणूनच, माझा अभिप्राय वाचून ही गोळी आपल्या मनाने कुणी सुरू करू नये. गॉर्डन असलेल्यांना, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना किंवा रॅमिप्रिल, लोसार्टान, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम वाढवणारी बीपी-हृदयाची औषधं घेणाऱ्यांना पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांचा धोका होऊ शकतो. डोस रक्ततपासणी बघून डॉक्टरांनीच ठरवावा.