पहिली वेबसाइट कुठे ठेवायची: फुकट, शेअर्ड की स्वतःचा सर्व्हर?

कळव्याची माझी भाची बारावीनंतरच्या सुट्टीत एचटीएमएल शिकली आणि ताईच्या फराळाच्या व्यवसायासाठी साइट बनवून मोकळी झाली. पाच पानं, चकली-अनारशांचे फोटो, दरपत्रक, व्हॉट्सॲपचं बटण. तिच्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसत होतं. मग प्रश्न आला, "मामा, आता ही गिऱ्हाइकांना दिसणार कशी?"

त्यासाठी लागतं होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली सतत चालू असणाऱ्या कम्प्युटरवर (सर्व्हरवर) ठेवायची जागा. इथे तीन रस्ते फुटतात. फुकट स्टॅटिक होस्टिंग (तयार पानं नुसती दाखवणारं), पैसे भरून शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटी), नाहीतर व्हीपीएस म्हणजे भाड्याचा पण सर्वस्वी आपल्या ताब्यातला सर्व्हर. घरचा जुना कम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा विचार तिच्याही डोक्यात येऊन गेला. वीज गेली की दुकान बंद, शिवाय घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेकदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. ते सोडून द्या.

निवडायच्या आधी बघायचं ते एवढंच, की साइटला काही लक्षात ठेवायचं आहे का? लॉगिन, ऑर्डरींची नोंद, वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) असं काही असेल तर मागे पीएचपीसारखी सर्व्हरवर चालणारी भाषा आणि माहिती साठवायला डेटाबेस लागतो. नुसतं दाखवायचं असेल तर काहीच लागत नाही, आणि पहिल्या साइटी बहुतेक दाखवायच्याच असतात.

अशा साइटसाठी पैसे मोजायचं मला कारण दिसत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या गिटहब पेजेसवर साइट 1 जीबीपर्यंत ठेवता येते आणि महिन्याला साधारण 100 जीबीची वाहतूक, म्हणजे लोकांनी उघडलेल्या पानांचा डेटा, चालते. पान 2 एमबीचं धरलं तर ते पन्नास हजार वेळा उघडलं तेव्हा कुठे ती मर्यादा येते. ताईच्या चकल्या तितक्या खपल्या तर मीच नोकरी सोडून सोऱ्या फिरवायला बसेन! पण दोन अटी वाचून ठेवा. मोफत खात्यात साइटचा कोड सार्वजनिक ठेवावा लागतो, आणि ऑनलाइन धंदा चालवायला ही सेवा नाही असं त्यांच्या नियमांत स्पष्ट आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट, स्वतःची ओळख, ट्रेकचे फोटो यासाठी उत्तम. व्हर्सेल या अशाच सेवेचं मोफत खातंही खासगी, बिगरव्यावसायिक वापरापुरतंच आहे. फराळवाल्या ताईसाठी म्हणून मी क्लाउडफ्लेअर पेजेस सुचवलं. तिथे ब्राउझरमध्येच फोल्डर ओढून टाकता येतो, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) शिकलेलं नसलं तरी अडत नाही. एक फाइल 25 एमबीपेक्षा मोठी चालत नाही, पण एवढा मोठा फोटो साइटवर टाकायचाच कशाला? नेटलिफायवरही असाच फोल्डर टाकता येतो, शिवाय फॉर्म भरून घ्यायची सोय आहे.

शेअर्ड होस्टिंगची गंमत वेगळी. सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं ब्राउझरमधलं पान) उघडायचा, फाइल मॅनेजरमधून पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरात झिप चढवायची, तिथेच सोडवायची, झालं. नवख्याला हे सगळ्यात ओळखीचं वाटतं. वर्डप्रेस चालतं, बऱ्याच प्लॅनमध्ये आपल्या डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्याचे, ईमेलही मिळतात. सर्व्हर कुठला हवा असं विचारलं तर गिऱ्हाईक ठाण्या-मुंबईचं असेल तेव्हा मुंबई निवडा. (ऐरोली ते महापे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने खिडक्या नसलेल्या ज्या अवाढव्य इमारती दिसतात, त्यातल्या काही म्हणजे हीच डेटा सेंटरं.) खोट आहे ती भावात. जाहिरातीतला महिन्याचा आकडा बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच लागू होतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि मुदत संपली की नूतनीकरणाचा दर बराच चढा. तो दर आधी शोधा. तो अगदी बारीक अक्षरात सापडेल.

व्हीपीएसबद्दल थोडक्यात: पहिल्या साइटसाठी नको. लिनक्सच्या कमांड, अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं आपल्याच गळ्यात, आणि सर्व्हर चालू केल्यावर काही तासांत अनोळखी बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) पासवर्ड लावून बघायला लागतात. शिकण्यासाठी बाजूला एखादा घेऊन मोडतोड करा, ताईचं दुकान त्यावर नको.

आता मला खरं सांगायचं आहे ते. होस्टिंग चुकलं तर बदलता येतं, डोमेन मात्र सांभाळून घ्यायचं. माझ्या पहिल्या साइटसाठी मी 'डोमेन मोफत' म्हणून सगळं एकाच कंपनीकडे घेतलं होतं. दुसऱ्या वर्षीचं बिल बघून हलायचं ठरवलं, तर डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा बदलीचा कोड जात होता माझ्या कॉलेजच्या ईमेलवर, जो कॉलेजने केव्हाच बंद केला होता. ओळख पटवण्यात तीन आठवडे गेले. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आपण, अकरा महिन्यांनी घर बदलायची सवय आहे. पण लोकांना दिलेला पत्ता दर वेळी बदलत बसलो तर येणार कोण?

म्हणून डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडून (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून), मालकाच्या नावावर, रोज वापरातल्या ईमेलवर घ्या. डॉट इनचा कारभार निक्सी ही संस्था बघते, पण विक्री रजिस्ट्रारमार्फतच होते. खर्च वर्षाला हजाराच्या आतबाहेर. डॉट कॉम घेतलंत तर पहिले 60 दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हेही माहीत असू द्या. होस्टिंग बदलायला मात्र काही अडत नाही, फक्त डीएनएसच्या नोंदी, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी, बदलायच्या. कधी मिनिटांत, कधी दिवसभराने नवी जागा सगळीकडे दिसू लागते.

भाचीने शेवटी क्लाउडफ्लेअर आणि ताईच्या नावावर एक डॉट इन घेतलं. साइट चढली, पत्त्याशेजारचं सुरक्षित जोडणीचं कुलूपही आपोआप आलं, पण चकलीचा फोटो गायब. तिच्या विंडोजवर फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं, कोडमध्ये स्मॉल. विंडोज ते चालवून घेतं, ऑनलाइन ही दोन वेगळी नावं ठरतात. तिने सगळी नावं स्मॉल केली, फोल्डर पुन्हा ओढून टाकला आणि पहिली लिंक आजीला पाठवली. आजीचा उलट फोन आला: अनारशाचा भाव कमी लावलाय.